लोकछायेतला खातेबदल

निवडणूक पाच महिन्यांवर आली, की मंत्रिमंडळातल्या खुर्च्यांना पाय फुटतात. कुठली खुर्ची कुठे चालत जाईल याचा नेम नसतो, आणि तिच्यावर बसलेल्याला तेवढे दिवस झोप नसते.

आरोग्यमंत्री इंदुताई हिरडे त्या आठवड्यात इतरांसारख्याच फोनकडे डोळे लावून होत्या. या राज्याची रीतच तशी. शपथविधीच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावरून फोन येतो, तो येणाऱ्यांना आणि राहणाऱ्यांना. जाणाऱ्याला कोणी फोन करत नाही. न वाजलेल्या फोनवरून त्यानं काय ते समजायचं आणि बंगल्यातली भांडीकुंडी आवरायला घ्यायची. कित्येक आमदार गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होते, आणि निम्म्या मंत्र्यांनी देव पाण्यात घातले होते.

इंदुताईंना खुर्चीचा मोह नव्हता असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मोह होता. पण त्याहून मोठी काळजी होती ती सर्पदंशावरच्या नव्या औषधाची. जुनं औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागे, डॉक्टरशिवाय देता येत नसे, आणि शेतातून दवाखान्यापर्यंत पोहोचेतो माणूस वाटेतच जाई. नवं औषध भुकटीचं होतं. उन्हातान्हात टिकणारं, सगळ्या विषारी सापांवर चालणारं, पेनासारख्या सुईतून मांडीत टोचायचं. वाडीवस्तीवरच्या प्रत्येक आशाताईच्या पिशवीत ते असावं म्हणून इंदुताई वर्षभर डॉक्टरांच्या, कारखानदारांच्या आणि वित्त खात्याच्या मागे लागल्या होत्या. खरेदीचा आदेश नुकताच निघाला होता. पेरणीच्या आत औषध गावोगाव पोहोचलं, म्हणजे झालं.

फोन वाजला, तो स्वतः मुख्यमंत्र्यांचा.

“इंदू, भाऊ बोलतोय. उद्या सकाळी माझ्याबरोबर टेकडीवर चल. तुला काही दाखवायचंय.”

दिगंबरराव सरनोबत आणि इंदुताई एकाच वर्षी जिल्हा परिषदेत निवडून आले होते. चारचौघांत त्या त्यांना साहेब म्हणत, एरवी भाऊ. तीस वर्षांत भाऊंनी त्यांना पुष्कळ काही सांगितलं होतं, पण दाखवायला म्हणून कुठे नेलं नव्हतं.

टेकडीवरच्या संस्थेबद्दल मंत्रालयात कुजबूज होती. तिथे म्हणे एक यंत्र आहे, ते निवडणुकीचा निकाल आधी सांगतं. इंदुताईंनी ते हसण्यावारी नेलं होतं. निकाल आधी सांगणारे त्यांच्या तालुक्यात प्रत्येक पानटपरीवर भेटत.

यंत्राच्या कर्त्या डॉक्टर नोएला तुस्कानो दारातच भेटल्या. वसईच्या बाई, चाळिशीतल्या, बोलायला मोकळ्या.

“मॅडम, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी तुमच्या घरचं विरजण संपलं, तर कुणाचं दार वाजवाल?”

“गावाकडे ना? शेजारच्या पारूबाईचं. नाहीतर जावेचं.”

“बस. माझा सगळा शोध एवढाच आहे.” नोएला हसल्या. “आम्ही समजत होतो, माणसाचं मत भाषणानं बदलतं, बातमीनं बदलतं, पैशानं बदलतं. मोजायला गेलो तर ते फारसं खरं निघालं नाही. ज्यांच्याकडे न लाजता विरजण मागता येतं, अशी दोन-तीन घरं प्रत्येकाची असतात. मत तिथून येतं. आणि दही लागतं तसंच ते लागतं. तासन्‌तास भांड्यात बघावं तर दूध ते दूधच. मग बघता बघता सगळं घट्ट होतं.”

पाणी गोठताना, लोखंडाचा चुंबक होताना हेच गणित चालतं, असं त्यांनी समजावलं. एकेका कणाला फक्त शेजारचे कण ठाऊक असतात, तरी अख्खा तुकडा एकदम वळतो. ते गणित त्यांनी राज्यातल्या अकरा कोटी माणसांना लावलं होतं. प्रत्येक माणसामागे यंत्रात एक छाया होती. तिला नाव नव्हतं, चेहरा नव्हता. पण ती कधी उठते, कुठे कामाला जाते, कुणाला फोन करते, रेशन कुठून आणते, कशावरून चिडते, हे सारं होतं. छाया एकमेकींना भेटत, बोलत, भांडत. यंत्राला काळ पुढे ढकलायला सांगितलं, की महिन्यांचा संसार तासाभरात उलगडे. तोही एकदा नाही, हजार वेळा, थोड्या थोड्या फरकानं. आणि हजारांतून बहुतेक वेळा जे घडे ते खरं मानायचं. मागची निवडणूक त्याला निकाल न सांगता चालवायला दिली, तेव्हा पाच-सहा जागा सोडल्या तर सगळा निकाल जुळला होता.

“याचं नाव लोकछाया,” भाऊ म्हणाले. “आत चल.”

आतलं दालन मंगल कार्यालयाएवढं होतं. वर सज्जा, आणि खाली सगळी जमीन म्हणजे राज्य. इंदुताईंनी कठड्याला हात लावला आणि खाली पाहिलं.

अकरा कोटी ठिपके उजळले होते. यंत्रातल्या राज्यात तेव्हा पहाट होती. किनाऱ्याला आधी हालचाल दिसली, बंदरांवर ठिपक्यांची दाटी झाली. मग घाटावर दुधाच्या वाटा जाग्या झाल्या, गावागावांतून बारीक धारा निघून शहरांकडे वाहू लागल्या. शाळांच्या वेळेला सगळ्या राज्यावर एकदम शिरशिरी आली. पूर्वेच्या जंगलात चार-दोन ठिपके एकमेकांना धरून चालले होते. ठिपक्यांमधून सूक्ष्म रेघा उमटत आणि मिटत होत्या. ती बोलणी होती. कुणी कुणाला काही सांगत होतं, आणि सांगितलेलं पुढे जात होतं.

इंदुताईंचे हात आपोआप जोडले गेले. तीस वर्षं त्या सभांमधून ‘जनता जनार्दन’ म्हणत आल्या होत्या. तो शब्द किती मोठा आहे, हे त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. एवढी माणसं, एवढ्या उठाठेवी, एवढे लागेबांधे! आणि यातलं एकही माणूस दुसऱ्यापासून सुटं नव्हतं. त्यांना भीती वाटली, आनंद झाला आणि रडूही आलं. त्यांनी ते लपवलं नाही.

“मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझंही असंच झालं होतं,” भाऊ हळू आवाजात म्हणाले. “दोन दिवस कुणाशी बोलवेना. मग निवडणूक आली.”

त्यांनी मान हलवली आणि नोएलांनी खातेबदल यंत्रात घातला.

बदल साधा होता. उत्तरेकडचे जालिंदर टिकार वर्षभर रुसून बसले होते. त्यांना आरोग्य द्यायचं, आणि इंदुताईंना महिला-बालकल्याण. जमिनीवरचे ठिपके आता रंगीत झाले. सरकारकडे झुकलेले हिरवे, विरोधातले तांबडे, तळ्यात-मळ्यात असलेले करडे. उत्तरेचा पट्टा करडा होता. शपथविधीचा दिवस गेला, काही आठवडे गेले, काहीच घडलं नाही. मग एका तालुक्यात हिरवा ठिपका पडला, त्याला लागून दुसरा, आणि श्वास घ्यायच्या आत सगळी उत्तर हिरवी झाली.

“चौदा जागा,” भाऊ म्हणाले. “याच्यावर सरकार उभं राहतं किंवा पडतं. आपल्या माणसाला मोठं खातं मिळालं, एवढंच तिथल्या लोकांना पाहिजे. त्याला महिला-बालकल्याण दिलं तर अपमान समजतील. तू अपमान समजणार नाहीस. म्हणून तू.”

“म्हणजे आरोग्य खातं आजाऱ्यांसाठी नाहीच.”

“निवडणुकीच्या तोंडावर कुठलंच खातं त्याच्या कामासाठी नसतं, इंदू. तुला हे आज कळलं?”

नव्हतं कळलं असं नाही. त्यांना स्वतःला आरोग्य मिळालं होतं तेही पश्चिमेकडच्या कुणाची तरी खोड मोडायला. पण आरोग्य खात्यात दोन वर्षं काढली की माणसाला एक सवय लागते. आकडा पुढे आला, की त्यात मेलेले किती, हे आधी बघायचं.

“डॉक्टर, या छाया मरतात का?”

“मरतात, मॅडम. जन्मतातही. खऱ्यासारखंच सगळं.”

“मग मतदानापर्यंत खातेबदल न करता किती मरतात आणि करून किती, ते दाखवा.”

“हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नाही,” नोएला म्हणाल्या. “इथे जागा मोजायला येतात. मेलेली छाया मतदार यादीतून वगळली जाते आणि हिशेब पुढे जातो.”

त्यांनी रंग काढून टाकले. खातेबदलानं जे ठिपके जास्तीचे विझले होते, तेवढेच जमिनीवर राहू दिले. सहाशेच्या आसपास होते. डोंगराच्या उतारांवर, भातखाचरांच्या कडेनं, कापसाच्या रानांत. एकेकटे, दूर दूर.

कारण शोधायला यंत्राला फार वेळ लागला नाही. नवा मंत्री आला, की तो पहिल्या पंधरवड्यात आधीच्या मंत्र्याच्या खरेदीला स्थगिती देतो. हा नियम यंत्राला कुणी शिकवला नव्हता. चाळीस वर्षांच्या सरकारी आदेशांवरून त्यानंच तो काढला होता. टिकारांनी औषधाच्या खरेदीला स्थगिती दिली होती. चौकशी समिती नेमली होती. समितीची पहिली बैठक होईपर्यंत पेरणी होऊन निंदणी आली होती, आणि माणसं उघड्या पायांनी रानात होती.

“आणि यानं जागा किती हलतात?” भाऊंनी विचारलं. विचारून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटलेली दिसली.

“एकही नाही,” नोएला म्हणाल्या. “मरणं विखुरलेली आहेत. एका वस्तीत एकच. दही लागत नाही.”

“मी जालिंदरला बजावतो. स्थगिती द्यायची नाही.”

तेही चालवून पाहिलं. टिकारांनी मुख्यमंत्र्यांचा शब्द मोडला नाही. स्थगिती दिली नाही, ‘फेरआढावा’ घेतला. ठिपके तेवढेच विझले.

मग खातेबदल नकोच, म्हणून पाहिलं. उत्तरेचे आमदार फुटले, सरकार पडलं, काळजीवाहू कारभारात सगळ्याच खरेद्या अडकल्या, आणि आगीतून फुफाट्यात तसं झालं. हजारावर ठिपके गेले.

इंदुताई कठड्याला धरून उभ्या होत्या. एका खुर्चीवरचा एक माणूस उठून दुसरा बसतो, आणि कुठल्याशा बांधावरची कुणीतरी बाई संध्याकाळी घरी येत नाही. मधल्या सगळ्या कड्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. एवढं अफाट जग, आणि त्यातला असा एकही माणूस नाही, ज्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही! हात पोहोचतो तर तो नीट पोहोचवता यायला हवा, असं त्यांना वाटलं.

“आधीच्याचं काम थांबवणं हा नव्या मंत्र्याचा पहिला पराक्रम,” त्या सावकाश म्हणाल्या. “पण आधीच्यानं थांबवलेलं काम सुरू करणं, हा त्याहून मोठा. काय हो भाऊ?”

“म्हणजे?”

“म्हणजे जायच्या आधी मीच ते औषध रद्द करते. उधळपट्टी म्हणून. पुढचं टिकारांवर सोपवा.”

नोएलांनी ते यंत्रात घातलं. टिकारांनी खुर्चीत बसल्याबसल्या पत्रकार बोलावले. माझ्या आधीच्या मंत्र्यांनी गरिबाला सापाच्या तोंडी दिलं, असं गरजले आणि आठवड्यात औषध गावोगाव धाडलं, वर आपला फोटो छापून. सहाशे ठिपक्यांपैकी बहुतेक सगळे जागच्या जागी तेवत राहिले. उत्तरही हिरवीच राहिली.

पश्चिमेच्या कोपऱ्यात मात्र एक तालुका बदलला. तो इंदुताईंचा होता. काही आठवडे तिथे काहीच हललं नाही. मग एका वाडीत तांबडा ठिपका पडला, आणि सगळा मतदारसंघ घट्ट तांबडा झाला.

भाऊ म्हणाले, “यंत्र चुकूही शकतं, इंदू.”

“चुकू दे की. पण कुठल्या बाजूनं चुकेल?” त्यांनी डोळे पुसले. “मी निवडून आले आणि तिकडे माणसं गेली, असं चुकलं तर?”

“तू हे कुणाला सांगितलंस, आणि टिकारच्या कानावर गेलं...”

“तर तो चिडून पुन्हा थांबवेल. मला कळतं, भाऊ. मी तुमच्याच शाळेत शिकले.”

आपल्या शेवटच्या सहीनं इंदुताईंनी औषधाची खरेदी रद्द केली. शपथविधी झाला. रीतीप्रमाणे आदल्या दिवशी टिकारांना फोन गेला आणि इंदुताईंनाही गेला, महिला-बालकल्याणसाठी. त्यानंतर आठच दिवसांत वर्तमानपत्रांत मथळे आले. एकात इंदुताईंच्या फोटोशेजारी फणा काढलेल्या नागाचं चित्र होतं.

त्यांचे यजमान मुरलीधर गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. गावच्या घरी नाश्त्याच्या टेबलावर त्यांनी ते पान उलटंसुलटं करून पाहिलं.

“तू अडवलंस हे औषध? वर्षभर तू जेवताना दुसरं काही बोलली नाहीस. नळाच्या माणसालासुद्धा फुरशाचं विष काय करतं ते सांगत होतीस. मला ठाऊक आहे खरं काय ते. थांब, त्या संपादकाला फोन करतो. माझाच विद्यार्थी आहे.”

“नका करू.”

“का? जन्माची अब्रू चाललीय, आणि नका करू?”

“तुम्ही बोललात तर माणसं मरतील.”

“कोण म्हणतं?”

इंदुताईंनी सांगितलं. गुरुजींनी चहा गार होईपर्यंत ऐकून घेतलं. विरजणाचं ऐकून त्यांचे डोळे चमकले, वर्गात एखाद्या पोरानं चांगला प्रश्न विचारला की चमकत तसे. सहाशे ठिपक्यांचं ऐकून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“यंत्राचं ऐकून बायको नवऱ्याला गप्प बसवते, एवढं बघायचं राहिलं होतं,” ते म्हणाले. “गावात काय बोलतात ठाऊक आहे? पारूबाईनं काल माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं.”

“फिरवू द्या. तिनं फिरवलं नाही, तर हे जमणारच नाही.”

गुरुजींनी फोन केला नाही. पण पुढचे कित्येक आठवडे ते बायकोशीही फार बोलले नाहीत. इंदुताईंना ते यंत्रानं सांगितलं नव्हतं. यंत्रात मतं होती; घरातल्या अबोल्याला तिथे रंग नव्हता. त्या रोज दोन कप चहा करत, आणि गुरुजी आपला कप घेऊन ओट्यावर जाऊन बसत.

पेरण्या झाल्या. औषधाची पहिली खेप गावोगाव गेली, दुसरी यायची होती, आणि ती धाडणं टिकारांच्याच हातात होतं. आरोग्य खात्यातून आकडे मागवायची इंदुताईंना सोय नव्हती, कारण आपण त्यात लक्ष घालतो असं दिसून चाललं नसतं. टेकडीवरच्या छाया जगल्या होत्या. खरी माणसं जगतात की नाही, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं.

मतदानाला पंधरा दिवस उरले असताना त्या प्रचाराला कोंढणीच्या वाडीवर गेल्या. गुरुजी बरोबर होते; बोलत नसले, तरी प्रचार त्यांनी कधी चुकवला नव्हता. सभेला माणसं नव्हती. सगळी वाडी आरोग्य उपकेंद्रासमोर जमली होती. एका मुलीला बांधावर गवत कापताना घोणस चावली होती.

इंदुताई गर्दीतून आत शिरल्या. खाटेवर आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. पाय सुजला होता, पण ती शुद्धीवर होती. आशाताईनं बांधावरच तिला सुई टोचली होती, आणि तालुक्याहून रुग्णवाहिका निघाली होती. उशाशी औषधाची रिकामी डबी पडली होती. तिच्यावर टिकार हात जोडून हसत होते.

“माझी चप्पल बांधावरच राहिली,” मुलगी तक्रारीच्या सुरात म्हणाली.

इंदुताईंनी तिचं मनगट हातात घेतलं. नाडी लागली. थोडी जोरात, पण एकसारखी. टेकडीवर अकरा कोटी माणसं एकदम पाहिली, तेव्हा त्यांचे हात जोडले गेले होते. इथे एकच होतं, ऊन ऊन, घामेजलेलं, चपलेसाठी रुसलेलं. आणि त्यांना वाटलं, ते सगळं या मनगटाएवढं मोठं नव्हतं. किती वेळ त्या ते धरून बसल्या, त्यांनाच कळलं नाही. गुरुजी मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी डबी पाहिली, मुलीकडे पाहिलं आणि कित्येक आठवड्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

मुलीची आई, सगुणा, खाटेच्या पायथ्याशी होती. ती उठली. पदर सावरून थेट इंदुताईंसमोर आली.

“ताई, तोंडावर बोलते, राग धरू नका. मागल्या दोन्ही खेपेला तुमालाच मत दिलं. औंदा न्हाई द्यायची. तुमी हे अवशीद अडवलं हुतं. टिकारसायबांनी आणलं म्हणून माझी पोर हाय.”

गुरुजींचा हात इंदुताईंच्या खांद्यावर घट्ट झाला. खरं त्यांच्या ओठांवर आलं होतं. इंदुताईंनी तो हात हलकेच दाबला, तसे ते थांबले.

“बरोबर आहे तुझं, सगुणा,” त्या म्हणाल्या. मनगट त्यांनी अजून सोडलं नव्हतं. “नको देऊस. आणि वाडीतल्या सगळ्यांना सांग, औषध आशाताईच्या पिशवीत आहे. टिकारसाहेबांनी आणलंय, हेही सांग.”